पाचवं वाक्य

"फोकस वर घे," केळुसकर सर म्हणाले.

"वरच आहे, सर."

"आणखी वर. पेशीच्या माथ्यावर."

हेमांगीताईने मायक्रोस्कोपचं चाक केसभर फिरवलं. पडद्यावरच्या हिरव्या कड्या विरघळल्या आणि त्यांच्या जागी फिकट हिरव्या चकत्या उमटल्या. गोल, गुळगुळीत, सगळीकडे सारख्या. आम्ही तिघंही पुढे वाकून पाहत होतो. एकाही चकतीवर एकही ठिपका नव्हता.

"दुसरी पेशी दाखव."

तिने दुसरी दाखवली. मग तिसरी. मग स्लाइडचा दुसरा कोपरा. अंधाऱ्या खोलीत एसीची घरघर तेवढी चालू होती. ताईच्या कानाची पाळी लाल झालेली मला पडद्याच्या उजेडात दिसत होती.

"सर, ही स्लाइड कदाचित नीट—"

"ही तिसरी स्लाइड आहे, हेमांगी. तिन्ही तू केल्यास. माझ्यासमोर."

तिने चाकावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. मग वळून पाहिलं ते सरांकडे नाही, माझ्याकडे. मी पडद्याकडे बघत राहिले.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. नागपूरला, अमरावती रोडवरच्या एका संशोधन संस्थेत मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. हेमांगी वैरागडे सहाव्या वर्षाला. ती भंडाऱ्याची, मी पुलगावची. मी, पद्मजा भोयर, तिथे आले तेव्हा मला पिपेट धरायलाही येत नव्हतं; ते तिने शिकवलं. यीस्ट कसं वाढवायचं, नळीला नुसतं नाकाशी धरून त्यात दुसरं काही वाढलंय का ते कसं ओळखायचं, सर कधी चिडतात आणि कधी नुसते भुकेलेले असतात, हे सगळं तिनेच.

आमचं काम यीस्टच्या पेशीवर होतं. पाव फुगवणारं तेच हे यीस्ट. त्याच्या प्रत्येक पेशीभोवती तेलाच्या तवंगासारखा एक पातळ पडदा असतो आणि त्या पडद्यात प्रथिनं रुतलेली असतात. त्यातली काही दारासारखी. बाहेरचं अन्न तेवढ्या दारातूनच आत येतं. प्रश्न असा होता की ही दारं पडद्यावर अनारशावरच्या खसखशीसारखी सगळीकडे पसरलेली असतात, की जागा धरून घोळक्याने बसतात? ताईने अशा एका दाराला हिरवं चमकणारं प्रथिन जोडून घेतलं होतं, म्हणजे दार जिथे असेल तिथे हिरवं दिसेल. आणि तिला ठिपके दिसले होते. पेशीवर नीट अंतराने बसलेले तीसेक ठिपके. दारं घोळक्याने राहतात, असं तिचं म्हणणं. तिचा सगळा प्रबंध त्या फोटोंवर उभा होता आणि तो सादर करायची विद्यापीठाची शेवटची मुदत एकतीस मार्चला संपत होती.

आम्ही ज्या दिवशी त्या अंधाऱ्या खोलीत बसलो होतो, तो एकवीस मार्च, बुधवार.

जानेवारीत आमच्या संस्थेत नवा मायक्रोस्कोप आला. त्याआधी तसला शहरात एकच होता, पार दुसऱ्या टोकाच्या एका संस्थेत. सर म्हणाले, हेमांगीचे फोटो जुन्या मशीनचे आहेत, जरा भुरकट आहेत. नव्यावर चांगले काढून घेऊ, शोधनिबंध छापायला पाठवता येईल. ताई प्रबंध लिहीत होती, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी तीन आठवड्यांत अकरा वेळा करून पाहिलं. तिचंच यीस्ट, तिचीच वही समोर उघडी. वहीत लिहिलं होतं त्याप्रमाणे पेशी वाढवायच्या, धुवायच्या, साध्या बफरमध्ये, म्हणजे क्षार घातलेल्या पाण्यात घ्यायच्या आणि बघायच्या. अकराही वेळा नुसत्या गुळगुळीत चकत्या.

पहिल्यांदा मी ताईलाच सांगितलं होतं. ती हसली. "तुझा हात बसायचाय अजून," म्हणाली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिने कॉम्प्युटरवरून मानही वर केली नाही. "पद्मा, हात बसला की दिसतील. मला लिहू दे गं." मग एके दिवशी कॉरिडॉरमध्ये सरांनी विचारलं, फोटो झाले का? मी त्यांना खरं ते सांगितलं.

आणि आता तिच्या स्वतःच्या हाताने, तिच्या स्वतःच्या स्लाइडवरही काही दिसत नव्हतं.

सरांनी दिवा लावला. तिघांनीही डोळे मिचकावले.

"जुन्या फोटोंच्या मूळ फाइल्स उद्या सकाळी माझ्या टेबलावर पाहिजेत," ते म्हणाले. "चार वाजता मी रणदिवे मॅडमना बोलावतो."

रणदिवे मॅडम म्हणजे संस्थेतल्या सगळ्या प्रबंधांची जबाबदारी असलेल्या. त्यांना बोलावणं म्हणजे काय, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"सर," ताई म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते सोड. मला काय दिसत नाहीये ते मी बघतोय." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "फ्रीजमध्ये ते दुसरं यीस्ट आहे ना, खुंट्यांवालं. त्याच्या किती प्लेट्स आहेत?"

ताईचा चेहरा उतरला.

आमच्याकडे आणखी एक यीस्ट होतं. त्यात चमकणारं प्रथिन दारांना नाही, तर पडद्याखाली खुंटीसारखं बसणाऱ्या एका वेगळ्याच प्रथिनाला जोडलेलं होतं. त्या खुंट्या कायम ठिपक्यांसारख्याच दिसतात. कुणीही बघावं, कधीही बघावं. सर जे विचारत होते त्याचा अर्थ सरळ होता: ठिपके हवेच असतील तर ते शेजारच्या प्लेटमध्ये तयार होते.

"सर, मी असं करेन?" तिने विचारलं.

सर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी सकाळी मी साडेनऊलाच लॅबमध्ये आले. बारावी वेळ. का केलं ते आजही धड सांगता येणार नाही. ताई खरी ठरावी म्हणून केलं असं म्हणायला आवडेल. पण माझा हात बसलेला आहे याची मला एकदा शेवटची खात्री करून घ्यायची होती, हे त्याहून खरं. पेशी धुतल्या, बफरमध्ये घेतल्या, थेंब स्लाइडवर ठेवला, वर पातळ चौकोनी काच, आणि ती हलू नये म्हणून चारी कडांना नेलपेंट. आम्ही सगळ्या लॅबमध्ये नेलपेंटच वापरायचो. इतरांचं पारदर्शक असे. माझं संपलं होतं म्हणून घरून बहिणीचं लाल आणलं होतं. स्लाइड लावली, फोकस केला. गुळगुळीत चकत्या. एवढ्यात दारावर टकटक झाली. सरांनी बोलावलंय. मी पडदा बंद केला, स्लाइड तशीच ठेवली आणि गेले.

सरांच्या टेबलावर कोरा कागद होता.

"तू जे केलंस ते लिहून दे," ते म्हणाले. "मॅडमना लेखी लागेल. घाबरू नकोस, तुझ्यावर काही नाही."

"ताई—"

"तिला मी बोलावलंय नंतर. तू फक्त तुझं लिही."

मी लिहायला बसले, पण ते मधेमधे विचारत होते. कुठल्या तारखेला? नळीवर लेबल कुणाचं होतं? तिने तुला कधी समोर बसून ठिपके दाखवले होते? एकदाही नाही? असं करत करत अर्धा-पाऊण तास गेला. पहिलं वाक्य, की मी अमुक तारखांना बारा वेळा प्रयोग केला. दुसरं, की यीस्ट हेमांगी वैरागडे यांच्या साठ्यातलं होतं आणि पद्धत त्यांच्या वहीतली. तिसरं, की मला एकदाही ठिपके दिसले नाहीत. चौथं, की त्यांनी हे ठिपके मला मायक्रोस्कोपवर प्रत्यक्ष कधी दाखवले नाहीत.

"पुरे एवढं," सर म्हणाले. "सही कर."

मी आणखी एक वाक्य लिहिलं. मग सही केली, खाली तारीख घातली. सरांनी वाचलं, चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि कागद एका पिवळ्या फाइलीत ठेवला.

परत आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. मायक्रोस्कोपचा लेझर बंद करायचा आणि स्लाइड टाकून द्यायची एवढंच काम उरलं होतं. पडदा चालू केला.

ठिपके होते.

एक-दोन पेशींवर नाही. दिसेल त्या प्रत्येकीवर. हिरवेगार, टोकदार, नीट अंतराने बसलेले. ताईच्या फोटोंमध्ये होते तसेच, फक्त जास्त स्वच्छ.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, आज सांगते. मला वाटलं, ती येऊन गेली. मी सरांकडे असताना तिने माझी स्लाइड काढून खुंट्यांवाली लावली. मला रागाने घाम फुटला. मी झटक्यात स्लाइड ओढून बाहेर काढली आणि ट्यूबलाइटखाली धरली.

कडांना लाल नेलपेंट होतं. एका कोपऱ्यात माझ्याच अंगठ्याचा ठसा उमटलेला.

मी खुर्चीवर बसले. स्लाइड परत लावली, पुन्हा पाहिलं. त्याच पेशी. पाऊण तासापूर्वी गुळगुळीत होत्या. मी हात लावला नव्हता, कुणीच लावला नव्हता. त्या नुसत्या थांबल्या होत्या.

ताई खालच्या मजल्यावर ऑटोक्लेव्हच्या खोलीत सापडली. तिथे मोठ्या कुकरसारखं एक यंत्र असतं. नको असलेलं सगळं जिवंत यीस्ट त्यात वाफेवर मारून मग फेकायचं. ती आपल्या प्लेट्स एकेक करून लाल पिशवीत टाकत होती. जमिनीवर सहा वर्षांचे रॅक मांडलेले.

"हे काय करतेस?"

"आवरतेय." तिने वर पाहिलं नाही. "दुसऱ्यांनी फेकण्यापेक्षा आपणच फेकलेलं बरं. झालं लिहून?"

"काय?"

"सरांकडे. मला माहीत आहे पद्मा, तुला बोलावलं होतं. जे दिसलं ते लिहिलंस ना? मग झालं तर."

पण मी जे विचारायला आले होते तेच विचारलं. "ताई, जुन्या मायक्रोस्कोपला जायला किती वेळ लागायचा?"

"आता तेही लिहायचंय का?"

"सांग ना."

"ऑटो लवकर मिळाला तर पंचवीस मिनिटं. मग तिथे बसायचं. त्यांच्या मुलांचं आटोपलं की आपला नंबर. कधी अर्धा तास, कधी तास."

"आणि पेशी? कशात न्यायचीस?"

"बफरमध्ये. इथूनच धुऊन न्यायचे. तिथे धुवायला त्यांच्या सेंट्रिफ्यूजला कोण हात लावू देतंय." बोलता बोलता तिचा हात थांबला. प्लेट पिशवीच्या तोंडाशी तशीच राहिली. "का विचारतेस?"

"माझी सकाळची स्लाइड मशीनवर राहिली होती. आत्ता पाहिली तर ठिपके आहेत."

"किती वेळ राहिली होती?"

"चाळीस मिनिटं. पंचेचाळीस असतील."

ती काही क्षण माझ्याकडे बघत राहिली. मला न बघता. मग अगदी हळू म्हणाली, "उपाशी."

"काय?"

"बफरमध्ये साखर नसते, पद्मा. आपण त्यांना धुतो आणि उपाशी ठेवतो. तू लगेच बघतेस. मी तास-तासभर उपाशी ठेवून मग बघायचे." तिने प्लेट खाली ठेवली, पिशवीत हात घालून आधी टाकलेल्याही वर काढू लागली. "पोट भरलेलं असतं तेव्हा दारं सगळीकडे असतात. खायला नसलं की खुंट्यांपाशी जाऊन बसतात. किती वाजले?"

"साडेअकरा होतायत."

"तीन नळ्या लाव. एक धुऊन लगेच. एक चाळीस मिनिटांनी. आणि एक चाळीस मिनिटांनीच, पण बफरमध्ये साखर घालून. तिसरी महत्त्वाची. तिच्यात ठिपके आले तर आपण चुकलो. पळ!"

मी पळाले.

त्यानंतरचे चार तास आम्ही दोघी एकमेकींना चिकटून काम करत होतो. ती धुवायची, मी स्लाइड करायची. ती घड्याळ बघायची, मी मशीनवर. पहिली नळी: गुळगुळीत. मग थांबणं. ते थांबणं फार वाईट होतं. ताई स्टुलावर बसून गुडघा हलवत होती आणि मधूनच माझ्याकडे बघून हसत होती, जुन्या दिवसांसारखी.

"तू आली नसतीस तर मी सगळं वाफेवर लावलं असतं," ती म्हणाली. "भंडाऱ्याला फोनही केला होता सकाळी. बाबांना म्हटलं, येते घरी. ते म्हणाले, ये. का ते विचारलं नाही."

मी घड्याळाकडे बघत होते. सरांच्या खोलीतली पिवळी फाइल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. दोनदा वाटलं सांगावं. दोनदाही टायमर वाजला.

दुसरी नळी: ठिपके. ताईने माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठले.

तिसरी, साखरेची. मी फोकस वर वर नेत होते आणि ताई माझ्या मागे उभी होती. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. चकती आली. गुळगुळीत. दुसरी. गुळगुळीत. मी पन्नास पेशी मोजल्या. दोन पेशींवर एखादा पुसट ठिपका. बाकी काही नाही.

ताई खाली फरशीवर बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. मी तिच्या शेजारी बसले नाही. तीन वाजता पुन्हा तिन्ही नळ्या पहिल्यापासून लावल्या, वेळ जमवून, म्हणजे चार वाजता बघायला ताज्या असतील.

चारला पाच कमी असताना मी सरांची खोली गाठली. कागद परत मागायचा असं ठरवून गेले होते. खोलीला कुलूप होतं. ते फाइल घेऊन आधीच मायक्रोस्कोपच्या खोलीत गेले होते.

रणदिवे मॅडम साठीच्या, बुटक्या, कडक सुती साडीतल्या. त्यांनी पिवळी फाइल मांडीवर ठेवली होती, उघडलेली नव्हती. सर भिंतीशी उभे.

"बोला," त्या ताईला म्हणाल्या.

"मॅडम, बोलण्याआधी तीन स्लाइड्स दाखवते."

तिने दाखवल्या. पहिली, दुसरी, तिसरी. कुठली कशी केली ते प्रत्येक वेळी एकाच वाक्यात. दुसऱ्या स्लाइडला सर भिंतीपासून निघून पुढे आले. तिसऱ्या स्लाइडला त्यांनी चाक स्वतःच्या हातात घेतलं आणि बराच वेळ फिरवत राहिले. मॅडमचा हात फाइलीवर होता. त्यांचं बोट तिच्या दोरीशी चाळा करत होतं, गाठ सुटायच्या बेतात आणि पुन्हा घट्ट. मी त्या बोटाकडे बघत होते. पडद्याकडे माझं लक्षच नव्हतं.

"म्हणजे तुमचा प्रबंध चूकच आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंय, ही दारं कायम घोळक्यात असतात."

"हो मॅडम. चूक आहे. उपाशी असली तरच घोळक्यात येतात. तिसरं प्रकरण पूर्ण नव्याने लिहावं लागेल."

"आणि जुने फोटो?"

"ते खरे आहेत. मी वहीत पद्धत लिहिली, वेळ लिहिला नाही. ऑटोत बसलेला वेळ प्रयोगात धरायचा असतो हे मला सुचलं नाही."

मॅडम प्रथमच हसल्या. "मुदतीचं मी बघते. जूनपर्यंत मिळेल." त्या उठल्या आणि फाइल न उघडताच सरांच्या हातात दिली. "याची आता गरज नाही, केळुसकर."

सर ताईला म्हणाले, "बरं झालं." थोडं थांबून म्हणाले, "चहा घ्या दोघी." माफी म्हणून त्यांच्याकडून एवढंच आलं. ताईने तेवढंही घेतलं; तिला हिशेब ठेवायची सवय नव्हती, असं मला तेव्हा वाटलं.

साडेपाचला सरांनी मला एकटीला बोलावलं. फाइलीतून कागद काढून माझ्यासमोर धरला.

"हे घे आणि फाडून टाक. ती आनंदात आहे, तिला कशाला कळायला हवं? मीही विसरलो."

मी कागद घेतला. बाहेर आले. कचऱ्याची टोपली दाराशीच होती. फाडला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. सर खरंच कधी बोलले नसते. मी तशीच चालत कँटीनच्या मागे गेले. ताई तिथे निंबाखालच्या बाकावर बसून भंडाऱ्याला फोन करत होती. "नाही बाबा, येत नाही आता. जूननंतर." मला बघून तिने हात हलवला, फोन ठेवला आणि बाकावर सरकून जागा केली.

मी बसले नाही. कागद तिच्या हातात दिला.

तिने वाचला. एकदा. मग मागे टेकून पुन्हा.

पाचवं वाक्य असं होतं: "हेमांगी वैरागडे यांनी दाखवलेले फोटो या यीस्टचे नसून आमच्याकडच्या खुंट्यांच्या यीस्टचे असावेत, असे मला वाटते."

"हे सरांनी सांगितलं लिहायला?" तिने विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं.

"नाही. ते 'पुरे' म्हणाले होते. त्यानंतर मी लिहिलं."

"का?"

"तू म्हणत होतीस माझा हात बसला नाही. तीनदा म्हणालीस." बोलताना माझं मलाच ते किती लहान आहे ते ऐकू येत होतं. "तुझे फोटो खरे असतील तर चूक माझ्यात होती. ती माझ्यात नसावी असं मला वाटत होतं."

कँटीनमध्ये कुणीतरी भांडी आपटत होतं. शेवटी तिने कागदाची आहे त्याच घडीवर घडी घातली आणि माझ्यापुढे धरली.

"पहिली चार बरोबर आहेत," ती म्हणाली. "पाचवं तू पाहिलेलं नाहीस." आणि मी कागद घेतल्यावर, "सकाळी तुझी स्लाइड मशीनवर राहिली म्हणून मी खरी ठरले. राहिली नसती तर?"

तिने पर्स उचलली आणि गेटकडे चालू लागली.

पुढचं थोडक्यात सांगते. तिचा प्रबंध जूनमध्ये गेला, निबंध पुढच्या वर्षी छापून आला, पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. माझं नाव तिनेच घातलं. सरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, स्लाइड तिची होती. आता ती बंगळुरूला आहे, तिची स्वतःची लॅब आहे, चांगलं नाव आहे. माझीही लॅब आहे. परिषदांमध्ये आम्ही भेटतो. तो कागद माझ्याकडे आहे.

पण मला नेहमी आठवते ती त्याच्या दुसऱ्या दिवसाची, शुक्रवारची सकाळ. ती येईल की नाही या विचाराने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. नऊला लॅबमध्ये पोचले तर ती माझ्याआधी आलेली. ओट्यावर नळ्यांची लांब रांग, पेशी धुऊन तयार, शेजारी नवी कोरी वही. ठिपके यायला नेमकी किती मिनिटं लागतात ते आम्हाला अजून माहीत नव्हतं. दर पाच मिनिटांनी बघायचं होतं.

"गुड मॉर्निंग, ताई," मी म्हणाले.

तिने टायमर हातात घेतला. आवाजात राग नव्हता. तिऱ्हाईताशी बोलावं तसा स्वच्छ, नीट आवाज.

"भोयर, मी स्लाइड लावते. तुम्ही वेळ लिहा."

मी वही ओढली. पेनचं टोपण निघेना.

"शून्य मिनिट," ती म्हणाली. "लिहिलंत?"

"लिहिलं," मी म्हणाले.